लूथरन सेमिनरीची जबाबदारी घेण्याआधी

प्रश्न असा आला आहे: "बरीच वर्षं मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, पाळक म्हणून काम केलं. आता सिनॉडने, म्हणजे आमच्या मंडळ्यांच्या संघाने, सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेच्या, प्रमुखपदासाठी विचारलं आहे. शिकवण्याचा थोडा अनुभव आहे, कारभाराचा जवळजवळ नाहीच. हे काम नेमकं काय असतं? आणि माणसं सेवेसाठी तयार करायची म्हणजे काय करायचं?"

कारभाराची फार काळजी करू नका. अंदाजपत्रक, मान्यतेसाठीचे अहवाल, वसतिगृहाचं गळकं छप्पर, या सगळ्याला जाणकार माणसं मिळतात आणि थोड्या काळाने तुमचीही नजर तयार होते. अवघड गोष्ट निराळी आहे. समोर एक माणूस बसलेला असतो, तो मनापासून म्हणतो, "देवाने मला बोलावलं आहे." त्याच्या बोलण्याचा पूर्ण मान राखायचा आणि तरीही तो शब्द शेवटचा धरायचा नाही, हे ज्याला जमतं त्याने हे पद घ्यावं. प्रवेश, अभ्यासक्रम, मूल्यमापन, सिनॉडशी संबंध, इतकंच काय पैशांचे निर्णयसुद्धा, सगळं शेवटी याच ठिकाणी येऊन टेकतं.

लूथरन परंपरेत, म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या परंपरेत, पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, एकट्याच्या मालकीचं नसतं. १५३० च्या ऑग्सबर्ग कन्फेशनमधलं, म्हणजे लूथरन विश्वासाच्या मूळ कबुलीतलं, चौदावं कलम जेमतेम एका वाक्याचं आहे: रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये, संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) देऊ नयेत. मनातली ओढ हवीच, पण ती बाहेरून, मंडळीच्या तोंडून, पक्की व्हावी लागते. त्याच कबुलीचं पाचवं कलम आधी सांगून ठेवतं की ही सेवा देवाने नेमली ती लोकांना विश्वास मिळावा म्हणून. म्हणजे सेवा आहे ती ऐकणाऱ्यासाठी. उमेदवाराच्या आत्मिक प्रवासाची ती पुढची पायरी नव्हे. हे एकदा मनात नीट बसलं की प्रवेशाच्या मुलाखतीतले प्रश्नच बदलतात. "तुम्हाला केव्हा वाटलं?" एवढ्यावर न थांबता आपण विचारू लागतो, "तुमच्या मंडळीत हे आणखी कोणाला दिसलं? त्यांनी काय पाहिलं? तुम्हाला कोणी थांबवायचा प्रयत्न केला का, आणि का?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा सगळ्यात उपयोगी ठरतं. ज्याला कधीच कोणी अडवलं नाही, त्याला पुरतं ओळखणारं कोणी नाही, असा माझा अनुभव आहे.

इतिहास इथे कामी येतो. लूथरच्या विटेनबर्ग शहरात १५३५ पासून उमेदवारांची परीक्षा घेऊन त्यांना दीक्षा, म्हणजे पाळकपदाचा अधिकार, देण्याची पद्धत बसली. तिथल्या सुरुवातीच्या नोंदवहीत विद्यापीठातून आलेल्यांबरोबर शाळामास्तर, कारकून आणि छापखान्यात काम केलेली माणसंही दिसतात. कुठल्या गावाने, कुठल्या मंडळीने मागणी केली आहे, हे महत्त्वाचं मानलं जाई. तमिळनाडूतल्या तरंगमबाडीचं उदाहरण तर आपल्याला आणखी जवळचं. जर्मन मिशनरी झिगेनबाल्ग आणि प्ल्यूटशाऊ तिथे १७०६ मध्ये उतरले आणि १७१६ मध्ये झिगेनबाल्गने स्थानिक सेवकांच्या प्रशिक्षणाची सोय केली. तरीही पहिले भारतीय लूथरन पाळक आरोन यांची दीक्षा व्हायला १७३३ साल उजाडलं. बाप्तिस्म्यानंतर अनेक वर्षं ते गावोगाव धर्मशिक्षक म्हणून राबले होते. लोकांनी त्यांना काम करताना पाहिलं होतं. परदेशी मिशनऱ्यांना स्थानिक माणसाच्या हाती अधिकार द्यायला वेळ लागला, हीसुद्धा त्या उशिराची एक बाजू असणार, ती झाकायची गरज नाही. पण पारख आधी आणि डोक्यावर हात ठेवून दीक्षा देणं नंतर, हा क्रम बरोबरच होता.

आता "नाही" म्हणण्याविषयी. हे कोणालाच आवडत नाही, म्हणून सेमिनऱ्यांमध्ये एक वाईट सवय लागते: प्रवेशाच्या वेळी संशय आला तर "अभ्यासात कळेल", अभ्यासात संशय आला तर "प्रत्यक्ष मंडळीत गेल्यावर कळेल", आणि तिथून प्रतिकूल अहवाल आला तर "आता एवढी वर्षं घालवली, कसं थांबवायचं?" अशी ढकलाढकल होते. शेवटी भोगते ती कुठलीतरी मंडळी, जिला या साखळीची कल्पनाही नसते. प्रमुख म्हणून तुम्ही एवढं करा: प्रत्येक टप्प्यावर कोण निर्णय घेणार, कशाच्या आधारावर घेणार आणि उमेदवाराला तो कोण सांगणार, हे लेखी ठरवून टाका. नकार पहिल्या वर्षी दिला तर माणूस दुसऱ्या वाटेने चांगला सेवक होतो. चौथ्या वर्षी दिला तर तो कर्जबाजारी आणि कडवट होऊन जातो. आणि नकार म्हणजे अपात्रतेचा शिक्का नव्हे, हे लूथरन माणसाला तरी पटवून द्यावं लागू नये. १५२० मध्ये लूथरने सगळ्या विश्वासणाऱ्यांचं याजकपण मांडलं तेव्हाच पाळकाचा दर्जा इतरांपेक्षा वरचा असतो ही कल्पना संपली. शिक्षिका, परिचारिका, हिशेबनीस यांचंही पाचारणच असतं. मात्र सेमिनरीच्या आवारात हे भाषणापुरतं उरतं. पाळकाचा झगा घालायला न मिळणं म्हणजे हरणं, असं विद्यार्थ्यांना वाटत राहतं.

अभ्यासक्रमावर तुमच्याकडे पहिल्याच आठवड्यात तक्रारी येतील. बायबलच्या मूळ भाषा, ग्रीक-हिब्रू, कशाला, व्यवस्थापन शिकवा. किंवा उलट, व्यवस्थापन कशाला, भाषा वाढवा. माझं मत सरळ आहे. भाषा राहू द्या, निदान ग्रीक तरी. १५२४ मध्ये नगरपालांना लिहिताना लूथरने भाषांना आत्म्याच्या तलवारीची, म्हणजे देवाच्या वचनाची, म्यान म्हटलं होतं. रोजच्या कामात याचा अर्थ एवढाच, की मूळ भाषा थोडीफार येणारा पाळक उताऱ्यापाशी थांबतो, घाईघाईने आपलंच म्हणणं त्यावर लादत नाही. मिनिटबुक लिहिणं, मंडळीचे हिशेब वाचणं, मंडळीच्या भांडणाऱ्या दोन पंचांना एका टेबलाशी बसवणं हेही शिकवायला हवं, पण ते वर्गापेक्षा चांगल्या वरिष्ठ पाळकाच्या हाताखाली लवकर येतं.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. दीक्षेच्या वेळी उमेदवार लूथरन कबुल्यांशी बांधिलकी जाहीर करतो. त्या ज्या संग्रहात आहेत तो १५८० चा, जाडजूड. सगळा वाचल्याशिवाय शपथ घेणारे असतात, आणि ते उत्तीर्ण होतात, हे लाजिरवाणं आहे. १५२८ मध्ये सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करताना लूथरला असे पाळक भेटले ज्यांना प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकारही (ख्रिस्ती विश्वासाचं ठरलेलं विधान) धड येत नव्हता. त्या धक्क्यातून १५२९ मध्ये लहान आणि मोठी प्रश्नोत्तरावली, म्हणजे विश्वासाची मूलतत्त्वं शिकवणारी पुस्तकं, आली. लहान प्रश्नोत्तरावली पाठ असावी, अगदी शब्दन् शब्द. हे जुनाट वाटेल. पण रात्री अकरा वाजता मरणाच्या दारात असलेल्या माणसाजवळ बसताना पुस्तक उघडायला वेळ नसतो.

सेमिनरीत काय घडतं ते जवळून पाहायचं असेल तर उपदेशाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. एक नमुना सांगतो, दरवर्षी थोड्याफार फरकाने हाच येतो. विद्यार्थी लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायावर, वाटणी उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या मुलाच्या दाखल्यावर बोलतो. चांगलं बोलतो. डुकरांच्या शेंगा, घराची आठवण, दुरून धावत येणारा बाप, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. आणि शेवटच्या दोन मिनिटांत म्हणतो, "तर मग आज आपण स्वतःला विचारू या, माझा पश्चात्ताप खरा आहे का? मी पूर्णपणे परत फिरलो आहे का?" वर्ग "आमेन" म्हणतो. शिक्षक त्याला एकोणिसावं आणि एकविसावं वचन शेजारी-शेजारी वाचायला लावतात. मुलाने घरी येताना भाषण घोकलेलं असतं, त्यात शेवटी "मला आपल्या एका मोलकऱ्याप्रमाणे ठेवा" असं वाक्य असतं. प्रत्यक्षात बापापुढे ते वाक्य येतच नाही. बाप मध्येच चाकरांकडे वळतो, झगा मागवतो. मुलाचा पश्चात्ताप पुरेसा झाला का, हे तपासायला बाप थांबलेलाच नाही. आणि आपल्या उपदेशकाने मात्र ऐकणाऱ्याला बापाच्या मिठीतून बाहेर काढून पुन्हा आरशासमोर उभं केलं.

नियमशास्त्र (देव काय मागतो) आणि सुवार्ता (देव काय देतो) यांत फरक करणं म्हणतात ते हेच. सिद्धांत म्हणून तो प्रत्येकाला येतो, परीक्षेत लिहिता येतो. व्यासपीठावर चढल्यावर तो निसटतो, कारण लोकांना काहीतरी करायला सांगितलं की उपदेशकाला काम झाल्यासारखं वाटतं. अमेरिकेत सेंट लुईसच्या कॉन्कॉर्डिया सेमिनरीत लूथरन ईश्वरवेत्ते सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर यांनी १८८४-८५ मध्ये शुक्रवारच्या संध्याकाळी याच एका विषयावर विद्यार्थ्यांपुढे व्याख्यानं दिली, एकोणचाळीस संध्याकाळी. त्यांच्या मते हा फरक करणं ही सगळ्यात अवघड कला, आणि ती शिकवतो पवित्र आत्मा, अनुभवाच्या शाळेत. म्हणून मी प्राध्यापकांना नेहमी सांगतो, उपदेशाचे गुण आवाजाला आणि मांडणीला देऊ नका. एकच विचारा: हे ऐकून एखादा खचलेला माणूस घरी काय घेऊन गेला?

क्षमेची घोषणा हाही असाच भाग. ऑग्सबर्ग कन्फेशनचं अकरावं कलम व्यक्तिगत पापक्षमा टिकवून ठेवा असं सांगतं. तरी आपल्याकडच्या बऱ्याच उमेदवारांनी समोरासमोर बसून एकाही माणसाला "तुझ्या पापांची क्षमा झाली आहे" असं कधी म्हटलेलं नसतं. म्हणायला लावलं की पहिल्यांदा "देव तुम्हाला क्षमा करो" अशी इच्छा बाहेर पडते, किंवा "देव क्षमा करतो" असं सर्वसाधारण विधान. "तुला" म्हणताना जीभ अडते. ती अडू नये इतका सराव हवा, आणि त्याचबरोबर ऐकलेलं कुठेही न बोलण्याची शिस्त.

रुग्णालयातल्या प्रशिक्षणाकडे वळू. याची सुरुवात १९२५ मध्ये अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसन यांनी केली. ते स्वतः मनोरुग्ण म्हणून उपचार घेऊन आलेले होते. लूथरन नव्हते, पण आज अनेक लूथरन चर्चेसमध्ये हा टप्पा सक्तीचा आहे, आणि अमेरिकेतल्या पद्धतीत एका सत्राचे किमान ४०० तास भरावे लागतात. त्यातला गाभा म्हणजे शब्दशः नोंद: भेटीत रुग्ण काय बोलला, आपण काय बोललो, कोण कुठे गप्प राहिलं, ते आठवून जसंच्या तसं लिहायचं आणि गटात वाचायचं.

एक नोंद अशी होती. बेशुद्ध नवऱ्याजवळ बसलेली बाई म्हणते, "माझ्याच वाट्याला हे का आलं?" विद्यार्थी म्हणतो, "देव जे करतो ते भल्यासाठीच करतो." ती काही बोलत नाही, चादर सारखी करत राहते. तो प्रार्थना करून निघतो. गटात मार्गदर्शकाने विचारलं, "ते वाक्य कोणासाठी होतं?" बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "माझ्यासाठी. मला तिथून निघायचं होतं." त्या दिवशी त्याला जे समजलं ते आमच्या एकाही व्याख्यानातून समजलं नसतं. १५१८ च्या हायडेलबर्ग वादसभेत लूथरने म्हटलं होतं की गौरवाचा ईश्वरवेत्ता (देवाला सामर्थ्यात शोधणारा) वाईटाला चांगलं म्हणतो आणि वधस्तंभाचा ईश्वरवेत्ता (देवाला ख्रिस्ताच्या दुःखात शोधणारा) गोष्ट जशी आहे तशी म्हणतो. हा विद्यार्थी त्यावर निबंध लिहून आलेला होता. पुढच्या भेटीला तो बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र घेऊन गेला. ते अंधारातच संपतं, त्याला गोड शेवट नाही. बाईने ते दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

मंडळीतलं प्रशिक्षण, बहुतेक ठिकाणी वर्षभराचं, जर्मनीत त्याहून लांब आणि दोन परीक्षांच्या मध्ये बसवलेलं. इथे प्रमुखाने लक्ष घालायची जागा एकच: विद्यार्थ्याला कोणाच्या हाताखाली द्यायचं. मोठी मंडळी, नावाजलेला पाळक, याला भुलू नका. जो आपल्या चुकलेल्या रविवारविषयी मोकळेपणाने बोलू शकतो आणि विद्यार्थ्याला अंत्यविधी स्वतंत्रपणे करू देतो, असा पाळक शोधा. जो विद्यार्थ्याला वर्षभर खुर्च्या मांडायला आणि तरुणांची शिबिरं घ्यायला वापरतो, त्याच्याकडे पुन्हा कोणाला पाठवू नका, तो सिनॉडवर कितीही वजनदार असला तरी. याने थोडे शत्रू होतील.

एकत्र राहण्याचं काय, हा प्रश्न आता दूरशिक्षणामुळे ऐरणीवर आला आहे. नोकरी-संसार सांभाळून ऑनलाइन शिकणारे विद्यार्थी कमअस्सल नसतात. उलट त्यांना मंडळीचं जीवन आतून माहीत असतं. पण काही गोष्टी सहवासाशिवाय उमगत नाहीत. जर्मन पाळक बॉनहोफर यांनी १९३५ मध्ये फिंकेनवाल्डला कन्फेसिंग चर्चची, म्हणजे चर्चवरच्या नाझी ताब्याला विरोध करणाऱ्या चर्चची, सेमिनरी चालवायला घेतली तेव्हा उमेदवार विद्यापीठाचं शिक्षण संपवून आलेले होते. त्यांना तिथे रोज अर्धा तास एकाच छोट्या वचनावर, आठवडाभर तेच, शांतपणे मनन करायला लावलं. त्यांची कुरकुर झाली. स्विस ईश्वरवेत्ते कार्ल बार्थ यांनाही यात मठाचा वास आला. दुसरा नियम होता: गैरहजर भावाविषयी बोलायचं नाही, आणि बोलून गेलात तर त्याला जाऊन सांगायचं. १९३७ मध्ये नाझींच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, सेमिनरी बंद केली. मनन सगळ्यांना जमेल असं नाही, पण हा दुसरा नियम मी कुठल्याही सेमिनरीत लावीन, आणि सुरुवात प्राध्यापकांच्या खोलीपासून करीन.

प्राध्यापकांचा विषय निघालाच आहे तर चर्च आणि सेमिनरी यांच्यातल्या ताणाविषयी. सेंट लुईसलाच शास्त्राच्या ऐतिहासिक-समीक्षात्मक अभ्यासावरून, म्हणजे बायबल इतर जुन्या ग्रंथांसारखं इतिहासाच्या कसोटीवर तपासण्यावरून, वाद पेटला. जानेवारी १९७४ मध्ये सेमिनरीचे अध्यक्ष जॉन टीटजेन यांना निलंबित केलं गेलं आणि १९ फेब्रुवारीला बहुतेक प्राध्यापक व विद्यार्थी आवार सोडून बाहेर पडले; त्यांनी 'सेमिनेक्स' नावाने वेगळी सेमिनरी चालवली. बाजू कोणाची बरोबर, हे आज तुम्ही कुठल्या लूथरन चर्चमध्ये उभे आहात त्यावर ठरेल. प्रमुखाने ध्यानात ठेवायचं ते असं, की मंडळ्यांतल्या लोकांनी सेमिनरीत काय शिकवतात हे विरोधकांच्या पत्रकांतून ऐकलं तर खेळ अर्धा हरल्यासारखा असतो. प्राध्यापकांना मंडळ्यांत उपदेशाला पाठवा, वारंवार. ज्या माणसाच्या हातून प्रभुभोजन घेतलं त्याच्यावर संशय घ्यायला लोकांना जास्त वेळ लागतो. स्त्रियांच्या दीक्षेचंही तसंच. डेन्मार्कने १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या काही लूथरन चर्चेसनी १९७० मध्ये सुरुवात केली. अमेरिकेतलंच दुसरं लूथरन चर्च, मिझुरी सिनॉड, स्त्रियांना दीक्षा देत नाही. लाटव्हियाच्या चर्चने आधी दिली होती, पण २०१६ मध्ये नियमच बदलून ती फक्त पुरुषांपुरती ठेवली. तुमचं चर्च स्त्रियांना दीक्षा देत असेल तर पुढचा प्रश्न विचारा: त्यांना मंडळ्या मिळतात का, आणि कसल्या? शिकवून पाठवायचं आणि मग वाट पाहायला लावायची, ही फसवणूक आहे.

पैसे. तुमचा निम्मा वेळ खाणार, हे धरून चाला. अमेरिकेतल्या गेटिसबर्गची सेमिनरी १८२६ ची, फिलाडेल्फियाची १८६४ ची. २०१७ मध्ये दोघींना एक व्हावं लागलं. अनेक ठिकाणी सेमिनरी विद्यापीठात विलीन झाली. इमारत वाचवायला देणगीदार मिळतात, शिष्यवृत्तीला कमी मिळतात, म्हणून शिष्यवृत्तीच आधी मागा. कर्ज घेऊन शिकलेला तरुण पाळक लहान मंडळीचं पाचारण स्वीकारू शकत नाही, त्याला हप्ते फेडायचे असतात. मग पाचारण देवाचं की बँकेचं, हा प्रश्न विनोद राहत नाही.

होकार देण्याआधी सिनॉडकडे दोन गोष्टी मागा. पाच वर्षांचे तपासलेले हिशेब, कारण तोटा कुठल्या निधीतून भरला जातो आहे हे तुम्हाला आधी कळलं पाहिजे. आणि गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेल्यांची यादी: कोण कुठे आहे, कोणी पहिली मंडळी किती काळात सोडली, कोणी सेवाच सोडली. त्यातल्या तिघा-चौघांना स्वतः फोन करा, एकाला तरी सेवा सोडलेल्यांपैकी. सेमिनरीने काय शिकवलं हे विचारू नका. पहिल्या सहा महिन्यांत कशाने अडलात, आणि त्या वेळी सेमिनरीतल्या कोणाला फोन करावासा वाटला का, एवढंच विचारा. यादी द्यायला सिनॉडने टाळाटाळ केली तर निर्णय आणखी महिनाभर लांबवा.